शिक्षण प्राधिकरणांतील शासकीय हस्तक्षेप (इंग्लंड व वेल्स)

सरकारी शाळांची जबाबदारी असलेल्या स्थानिक कौन्सिलने (हेच ‘शिक्षण प्राधिकरण’) कर्तव्यात कसूर केली, तर तिला निर्देश देण्याचा किंवा ते काम तिच्याकडून काढून घेण्याचा केंद्रीय सरकारचा अधिकार. १९०२ च्या कायद्याने शाळा कौन्सिलांकडे आल्या आणि लगेच वेल्समध्ये भडका उडाला. चर्चच्या शाळा आमच्या कराच्या पैशावर का पोसायच्या, असे म्हणत वेल्समधील खासदार लॉइड जॉर्ज यांच्या नेतृत्वाखाली तिथल्या कौन्सिलांनी हात आखडले. १९०४ च्या कायद्याने यावर तोड काढली: शिक्षण मंडळाने (तेव्हाचे केंद्रीय शिक्षण खाते) त्या शाळांना थेट पैसे द्यायचे आणि तेवढी रक्कम कौन्सिलच्या अनुदानातून कापून घ्यायची. ‘वेल्सवरील सक्तीचा कायदा’ हे त्याचे विरोधकांनी ठेवलेले नाव.

१९४४ च्या कायद्यात दोन कलमे आली. कलम ९९ कर्तव्य न बजावण्याबद्दल, तर कलम ६८ अधिकार ‘अवाजवी’ रीतीने वापरण्याबद्दल. सारी मेख या एका शब्दात होती. मँचेस्टरलगतच्या टेमसाइडमध्ये मजूर पक्षाच्या कौन्सिलने निवड परीक्षेच्या ग्रामर शाळा मोडून सर्वांसाठी एकच प्रकारची शाळा आणायचे ठरवले होते. मे १९७६ मध्ये हुजूर पक्ष निवडून आला आणि त्याने काही ग्रामर शाळा राखल्या. शाळा सुरू होण्याचा सप्टेंबर तोंडावर, ग्रामर शाळांत जागा २४०, अर्ज ७८३! एवढ्या घाईत मुलांची निवड न्याय्य होणार नाही, म्हणून शिक्षणमंत्री फ्रेड मली यांनी जुनीच योजना राबवण्याचा निर्देश दिला. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सने मात्र कौल कौन्सिलच्या बाजूने दिला. मंत्र्याला पटत नाही म्हणून निर्णय अवाजवी ठरत नाही. कोणतेही समंजस प्राधिकरण घेणार नाही असाच तो असावा लागतो. त्यानंतर कलम ६८ ची धार बोथट झाली, ती झालीच. १९९६ च्या कायद्यात ही दोन्ही कलमे ४९६ व ४९७ या क्रमांकांनी आली.

१९९८ मध्ये जोडलेल्या कलम ४९७-अ ने ‘अवाजवी’चा अडसर बाजूला ठेवला. काम पुरेशा दर्जाचे होत नाही, एवढी मंत्र्याची खात्री पुरे. मग ते दुसऱ्याकडे सोपवता येते. लंडनमधील हॅकनी हे त्याचे ठळक उदाहरण. तिथला अख्खा शिक्षण विभाग २००२ मध्ये ‘लर्निंग ट्रस्ट’ या ना-नफा संस्थेकडे गेला आणि दहा वर्षांनी कौन्सिलकडे परतला. २००४ च्या बालक कायद्याने हाच अधिकार बालसेवांनाही (कौन्सिलची मुलांच्या संरक्षणाची व देखभालीची कामे) लागू केला. २०१४ मध्ये उत्तर इंग्लंडमधील डॉनकास्टरच्या बालसेवा स्वतंत्र ट्रस्टकडे गेल्या.