जुलाब थांबवणारी गोळी नेमके काय करते?

जुलाब लागले की औषधाच्या दुकानातून एक गोळी आणावी, तिने पोट ‘बांधले’ जाते आणि आजार बरा होतो, हा समज आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आला आहे. त्यातला पहिला भाग खरा आहे, दुसरा नाही. लोपेरामाइडची गोळी आतड्यांची हालचाल मंदावते, त्यामुळे पाणी शोषले जाण्यास अधिक वेळ मिळतो आणि शौचाच्या खेपा कमी होतात. मात्र ज्या विषाणूमुळे वा जिवाणूमुळे जुलाब लागले, त्याच्यावर तिचा काहीही परिणाम होत नाही. निरोगी प्रौढाला प्रवासापुरती तिची मदत होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु शौचातून रक्त पडत असेल किंवा ताप जास्त असेल तर ती घेऊ नये, आणि लहान मुलांना स्वतःच्या मनाने मुळीच देऊ नये.

जुलाबात जीव जातो तो बहुधा शरीरातले पाणी आणि क्षार कमी झाल्याने. ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम आतड्यात शोषले जाते आणि त्यामागून पाणी ओढले जाते, या तत्त्वावर ओआरएस, म्हणजे ग्लुकोज व क्षारांची पुडी पाण्यात कालवून प्यायचे द्रावण, बेतलेले आहे. १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे निर्वासितांत कॉलऱ्याची साथ पसरली असता, सलाइन अपुरे पडल्यावर डॉ. दिलीप महालनाबिस यांनी असेच द्रावण पिंपांतून पुरवले आणि मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. ओआरएसने जुलाब लगेच थांबत नाहीत, आणि म्हणूनच कित्येकांना ते औषध वाटत नाही. पुडी तिच्यावर छापलेल्या मापाइतक्याच पाण्यात कालवावी. मुलांना डॉक्टरांच्या सल्ल्याने सोबत १० ते १४ दिवस झिंकही द्यावे.