पांढऱ्या बुटांना रंग कसा चढला

फेब्रुवारी सरत आला की बुटांच्या दुकानांतली मांडणी एकदम बदलते. काळे, करडे, तपकिरी जोड मागच्या रॅकवर जातात आणि पुढे येतात पिस्ता, लिंबू, फिका जांभळा, कलिंगडाच्या फोडीसारखा लाल. वर पाटी असते ‘स्प्रिंग-समर कलेक्शन’. आपल्याकडे त्या सुमारास पळस आणि पांगारा फुललेले असतात हे खरं, पण त्यांच्याकडे बघून हे रंग कुणी ठरवलेले नसतात. आपला मार्च म्हणजे पंख्याचा आकडा वाढवायचे दिवस. ही ‘स्प्रिंग’ बर्फाच्या शहरांतली. बोस्टन, शिकागोसारख्या ठिकाणी हिवाळाभर फूटपाथवर बर्फ आणि तो वितळावा म्हणून टाकलेलं मीठ यांचा राडा असतो. त्यात कापडी बूट घातले तर पाय ओले आणि बुटांवर मिठाचे डाग. मार्च-एप्रिलमध्ये रस्ते कोरडे झाले की जड बूट माळ्यावर जातात आणि हलके खाली येतात. वसंत आणि स्नीकर्सचं नातं मुळात एवढंच आहे. रंगाची गोष्ट मात्र वेगळी, कारण हे बूट जन्मले ते जवळपास बिनरंगाचे, आणि पुढची कित्येक दशकं त्यांनी तसंच राहावं अशीच मैदानांवरच्या नियमवाल्यांची इच्छा होती.

सुरुवात रबरापासून. कच्चं रबर उन्हाळ्यात चिकट होतं आणि थंडीत तडकतं. १८३९ मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना त्यात गंधक मिसळून तापवायची युक्ती सापडली, १८४४ मध्ये पेटंट मिळालं, आणि कापडाला रबरी तळ चिकटवून बूट करणं शक्य झालं. इंग्लंडमध्ये समुद्रकिनारी सुटीला जाणारे लोक हे बूट घालायचे. त्यांना नाव पडलं ‘प्लिमसोल’. जहाजात प्रमाणाबाहेर माल भरू नये म्हणून जहाजाच्या बाजूवर मर्यादेची रेघ रंगवण्यासाठी सॅम्युएल प्लिमसोल हे खासदार झगडले होते, आणि १८७६ मध्ये तसा कायदा झाला. बुटाचं कापड आणि तळ जिथे जुळतात तिथली रबरी पट्टी त्या रेघेसारखी दिसायची. पाणी पट्टीच्या वर गेलं की मोजे भिजलेच! अमेरिकेत त्याच बुटाला ‘स्नीकर’ म्हणू लागले, कारण रबरी तळाचा आवाज होत नाही आणि माणूस दबक्या पावलांनी मागे येऊन उभा राहू शकतो. १९१६ मध्ये केड्स आणि १९१७ मध्ये कॉन्व्हर्सचा ऑल स्टार बाजारात आल्यावर हा शब्द रुळला.

रंग तेव्हा मोजकेच होते: पांढरा, काळा, तपकिरी. टेनिस हा बंगल्यांच्या हिरवळीवरचा खेळ, आणि घामाचे डाग दिसू नयेत म्हणून कपडे पांढरे, त्यांच्याबरोबर बूटही पांढरे. विम्बल्डननं तर पुढे ते नियमातच घातलं. १९६३ पासून कपडे ‘प्रामुख्याने पांढरे’ आणि १९९५ पासून ‘जवळजवळ संपूर्ण पांढरे’ हवेत. २०१३ मध्ये रॉजर फेडरर केशरी तळाचे बूट घालून उतरला तेव्हा त्याला ते पुन्हा न घालायला सांगितलं गेलं. सात वेळा जिंकलेल्या माणसाला, तेही बुटाच्या तळावरून! काळ्या रबराची अडचण निराळी. त्यात मजबुतीसाठी काजळी मिसळतात आणि लाकडी फरशीवर तिचे ओरखडे उठतात. बॅडमिंटन हॉलच्या दारावर आजही ‘नॉन-मार्किंग शूजशिवाय प्रवेश नाही’ अशी पाटी असते, ती ह्या जुन्या वैरामुळे.

आपल्याकडे हा बूट पोचला तो मुख्यतः बाटाच्या हातून. १९३० च्या दशकात कोलकात्याजवळ हुगळीकाठी बाटानगर वसलं, तिथून कॅनव्हासचे पांढरे बूट देशभर गेले आणि शाळेच्या पीटीच्या गणवेशात जाऊन बसले. ज्यांनी ते घातलेत त्यांना शुक्रवारची रात्र आठवत असेल. लेस काढायच्या, बूट ओल्या फडक्यानं पुसायचे आणि वर्गातून आणलेला (म्हणजे ढापलेला) खडूचा तुकडा पाण्यात बुडवून कापडावर घासायचा. ओला असताना काहीच कळत नाही, बूट करडेच दिसतात. रात्रभर खिडकीत राहिले की सकाळी चुना लावलेल्या भिंतीसारखे. शनिवारी कवायतीत पाय आपटला की पांढरी धूळ उडायची, आणि लाल मातीच्या मैदानावर दुसऱ्या तासापर्यंत होतं तसं. रंगीत बूट हवेत असं तेव्हा आम्हाला वाटायचंच नाही. बूट पांढरे असतात, जसं दूध पांढरं असतं.

रंगाची पहिली मागणी गिऱ्हाइकांकडून आली, असं म्हणायला हरकत नाही. १९६६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये पॉल व्हॅन डोरेन आणि मंडळींनी कारखाना आणि दुकान एकाच छपराखाली उघडलं. तेच पुढचं ‘व्हॅन्स’. बूट तिथेच शिवले जात असल्यानं गिऱ्हाइकाला आपल्या पसंतीचं कापड घेऊन येता यायचं. शाळांना आपल्या रंगाचे, नाचणाऱ्या पथकांना आपल्या रंगाचे असे बूट मिळू लागले. आपल्याकडे ब्लाउजपीस घेऊन शिंप्याकडे जातात तसं! स्केटबोर्डवाल्या पोरांचा एकच पाय घासून लवकर फाटायचा, त्यांना हे दुकान एकच बूटही विकायचं. १९७६ मध्ये त्याच पोरांच्या सल्ल्यानं लाल-निळा दुरंगी जोड आला. न्यूयॉर्कमध्ये त्याआधीच प्यूमानं वॉल्ट ‘क्लाइड’ फ्रेझर या बास्केटबॉलपटूच्या नावानं स्वेडचे, म्हणजे मखमलीसारख्या मऊ चामड्याचे, बूट काढले होते. फ्रेझर कोर्टाबाहेर फर कोट आणि रुंद काठाची टोपी घालून हिंडायचा. अशा माणसाच्या नावाचा बूट पांढरा असून कसं चालेल?

आता १९८० चा एप्रिल. माझ्या मते वसंतातल्या स्नीकर्सचा खरा मुहूर्त हाच. १ एप्रिलला न्यूयॉर्कच्या बस आणि भुयारी रेल्वेच्या कामगारांनी संप पुकारला आणि तो अकरा दिवस चालला. ब्रुकलिनमधून मॅनहॅटनला कामावर जाणारे हजारो लोक ब्रुकलिन पुलावरून चालत निघाले आणि महापौर एड कॉच स्वतः पुलावर उभे राहून त्यांना चिअर करत होते. त्यात ऑफिसात टाचांचे बूट घालणाऱ्या बायका होत्या. मैलोन्‌मैल टाचांवर चालणं अशक्य, म्हणून सूट, मोजे, वर स्नीकर्स आणि टाचांचे बूट पिशवीत. संप मिटला, पण ती पिशवी गेली नाही. खेळाचा बूट रस्त्यावर, ऑफिसच्या कपड्यांखाली दिसायला कुणाची हरकत उरली नाही, आणि एकदा बूट कपड्यांचा भाग झाला की तो कपड्यांशी जुळायला हवा, हे ओघानं आलंच.

ही नस रीबॉकनं पकडली. १९८२ मध्ये त्यांनी एरोबिक्स करणाऱ्या बायकांसाठी ‘फ्रीस्टाइल’ काढला. मऊ चामडं, घोट्याशी दोन वेल्क्रो पट्ट्या, आणि पांढऱ्या-काळ्याखेरीज लाल, पिवळा, गुलाबी, फिका निळा असे कितीतरी रंग. न्यूयॉर्कमध्ये करासकट किंमत ५४ डॉलर ११ सेंट, म्हणून तिथल्या पोरी त्याला ‘फिफ्टी-फोर इलेव्हन’ म्हणायच्या. १९८५ च्या एमी पुरस्कारांना सिबिल शेफर्ड ही अभिनेत्री काळ्या गाऊनखाली भडक केशरी रीबॉक घालून आली. स्नीकर्सचा इतिहास पुरुष खेळाडूंच्या नावांनी सांगायची पद्धत आहे, पण रंगीत बूट दुकानाच्या दर्शनी भागात आले ते बायकांच्या पैशांवर, हे त्यात बऱ्याचदा राहून जातं.

पुरुषांच्या बाजूची गोष्ट त्याच वर्षीची, आणि ती सगळ्यांना ठाऊक असलेली. एनबीए ही अमेरिकेतली बास्केटबॉलची व्यावसायिक लीग; तिचा तेव्हाचा नियम असा की बूट गणवेशाशी आणि संघातल्या इतरांशी जुळते हवेत. मायकल जॉर्डन नावाचा नवा पोरगा शिकागोकडून काळे-लाल नायकी घालून उतरला. २५ फेब्रुवारी १९८५ ला लीगनं कंपनीला पत्र लिहून ते बूट नियमात बसत नसल्याचं कळवलं. नायकीनं जाहिरात केली: बुटांवर काळ्या पट्ट्या, आणि ‘एनबीएनं हे मैदानाबाहेर काढले, सुदैवानं तुम्हाला ते घालण्यापासून ती रोखू शकत नाही’ अशा अर्थाचा मजकूर. दर सामन्याला ५,००० डॉलर दंड झाल्याची आख्यायिका अजून सांगितली जाते. गंमत म्हणजे त्या पत्रातला बूट बहुधा ‘एअर जॉर्डन’ नव्हताच, ‘एअर शिप’ नावाचा आधीचा जोड होता, असं जुने फोटो ताडून पाहणारे सांगतात. पण एप्रिलमध्ये ६५ डॉलरला जॉर्डन दुकानात आला तेव्हा ही तपासणी करायला कोण बसलंय? पहिल्या वर्षात १२ कोटी ६० लाख डॉलरची विक्री झाली. बुटांच्या रंगावरचं बंधन एनबीएनं पुरतं उठवलं ते २०१८-१९ च्या हंगामात.

त्याच १९८५ मध्ये नायकीनं ‘डंक’ काढला, विद्यापीठांच्या संघांच्या रंगांत: मिशिगनचा पिवळा-निळा, सिरॅक्यूजचा केशरी, केंटकीचा निळा. रंग म्हणजे आपलं गाव, आपला गट. एकच साचा, फक्त रंग बदलून विकायचा, ही आजची सगळी युक्ती तिथे पक्की झाली. या धंद्यात त्या रंगजुळणीला ‘कलरवे’ म्हणतात.

मला स्वतःला सगळ्यात आवडते ती मात्र १९८७ ची गोष्ट. टिंकर हॅटफील्ड हा नायकीचा डिझायनर मूळचा आर्किटेक्ट. तो पॅरिसला पॉम्पिदू सेंटर बघून आला. रेन्झो पियानो आणि रिचर्ड रॉजर्स यांची ही इमारत १९७७ मध्ये उघडली तेव्हा लोकांनी नाकं मुरडली होती, कारण जे भिंतीत लपवायचं ते सगळं तिनं बाहेर टांगलंय, आणि वर रंगवलंय: हवेचे नळ निळे, पाण्याचे हिरवे, विजेचे पिवळे आणि माणसांची ये-जा होते ते जिने नि लिफ्ट लाल. हॅटफील्डनं बुटाच्या तळातली हवेची पिशवी दिसावी म्हणून टाचेशी खिडकी कापली आणि नजर तिकडे जावी म्हणून भोवती भडक लाल पट्टा फिरवला. तो ‘एअर मॅक्स’ २६ मार्चला आला. नायकी २०१४ पासून ती तारीख सणासारखी साजरी करते, आणि दर मार्चला एअर मॅक्सचे नवे रंग येतात ते त्यामुळे.

पुढचं भराभर सांगता येईल. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये नायकीनं वेगवेगळ्या देशांच्या खेळाडूंना एकाच झगमगीत पिवळ्या-हिरव्या ‘व्होल्ट’ रंगाचे बूट दिले. दिवसाच्या उजेडात माणसाचा डोळा याच पट्ट्यातल्या प्रकाशाला सगळ्यात जास्त संवेदनशील असतो, म्हणून दूरच्या कॅमेऱ्यातूनही आधी बूटच दिसायचे.

राहिला प्रश्न हा की यंदा पिस्ताच का. याचं उत्तर शेड कार्डात, म्हणजे रंगांचे नमुने छापलेल्या रंगपत्रात. पहिल्या महायुद्धात जर्मन रंग आणि पॅरिसची रंगपत्रं अमेरिकेला मिळेनाशी झाली, तेव्हा तिथल्या कापडवाल्यांनी १९१५ मध्ये स्वतःची संस्था काढून हंगामी रंगपत्र छापायला सुरुवात केली. १९६३ मध्ये पँटोन या कंपनीनं रंगांना क्रमांक दिले, त्यामुळे अमेरिकेत निवडलेला गुलाबी व्हिएतनामच्या कारखान्यात तोच गुलाबी राहू लागला. बूट कागदावरून दुकानात यायला साधारण दीड वर्ष लागतं. म्हणजे या गुढीपाडव्याला दिसणारे रंग कुणीतरी मागच्याच्या मागच्या दसऱ्याच्या आसपास कधीतरी ठरवलेत. वर तोच रंग जाळीवर, चामड्यावर आणि रबरावर सारखा दिसायला हवा, हे खरं कसबाचं काम. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग उन्हात फुटतो, हे साडी दुकानाबाहेर नेऊन बघणाऱ्या कुठल्याही बाईला माहीत आहे.

भारतात रीबॉक, नायकी, आदिदास ही मंडळी स्वतःची दुकानं घेऊन आली ती १९९० च्या दशकाच्या मध्यात, आणि त्यांच्याबरोबर हे परदेशी ऋतूही आले. त्यांची ‘समर’ संपते तेव्हा इथे आभाळ फाटलेलं असतं. फिक्या रंगाचा स्वेड जूनच्या चिखलात एकदा बुडाला की त्याला देव तारी. त्याहून वाईट म्हणजे दमट हवेत पॉलियुरेथेन या प्लास्टिकच्या फोमचा तळ आतून विरघळतो. माझा एक जोड कपाटात तीन पावसाळे जपून ठेवला होता, चौथ्या वर्षी बाहेर काढला तर दारातून फाटकापर्यंत जाताजाता तळाचे बिस्किटासारखे तुकडे पडले. ईव्हीए या दुसऱ्या फोमचा तळ असा हवेनं कुजत नाही, हे नंतर समजलं.

गेल्या मार्चमध्ये भाचीला घेऊन लक्ष्मी रोडला गेले. तिनं नऊ जोड उतरवून घेतले. मी खोक्यांवरची लेबलं वाचत बसले. नायकीच्या खोक्यावर शेवटी जे तीन आकडे असतात त्यातला पहिला रंग सांगतो: ० काळा, १ पांढरा, ३ हिरवा, ४ निळा, ६ लाल, ७ पिवळा, ८ केशरी. लिंबू तिला आवडला होता, पण फुटपाथवर उन्हात नेऊन बघितला आणि नको म्हणाली. तासाभरानं तिनं पसंत केलेल्या खोक्यावरचा आकडा १ नं सुरू होत होता.

“मावशी, हे मळले की काय करायचं गं?”

खडू ओला करून लाव, म्हटलं. तिला वाटलं मी चेष्टा करतेय.