पुण्याचे पक्षी आणि पावसाची उतरण

सह्याद्रीच्या माथ्यावर लोणावळ्याला वर्षाकाठी ४००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून जेमतेम ६५ किलोमीटरवर असलेल्या पुणे शहरात तो ७०० ते ७५० मिलिमीटरवर येतो, आणि दिवे घाट चढून सासवड-जेजुरीच्या माळावर गेले की आणखी घटत ५०० मिलिमीटरच्या घरात पोहोचतो. अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर जाताना थंड होतात आणि आपल्याजवळचे बहुतेक पाणी घाटमाथ्यावरच रिते करतात. पलीकडे उतरताना तीच हवा पुन्हा तापते व कोरडी होते, म्हणून पुणे पर्जन्यछायेत येते. शाळेच्या भूगोलात हे सर्वांनीच वाचलेले असते, पण पक्ष्यांच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय हे मात्र क्वचित सांगितले जाते. एवढ्या थोड्या अंतरात पाऊस इतका बदलतो, तेव्हा पश्चिमेला दाट जंगल, मध्ये पानझडीच्या टेकड्या आणि पूर्वेला उघडा माळ अशा तीन निरनिराळ्या सृष्टी एका शहराच्या दोन बाजूंना येऊन मिळतात, आणि प्रत्येकीचे पक्षी वेगळे असतात. भल्या पहाटे घर सोडणाऱ्या पुणेकराला यांपैकी कोणत्याही एका सृष्टीत जाऊन दुपारच्या जेवणाला घरी परतता येते. भारतातील फार थोड्या मोठ्या शहरांना असे भाग्य लाभले आहे, असे मला वाटते.

अर्थात सुरुवात शहराच्या आत करणेच उत्तम, आणि तेही एखाद्या जुन्या वडापाशी, पिंपळापाशी किंवा उंबरापाशी. एम्प्रेस गार्डन आणि विद्यापीठाचे आवार येथे असे वृक्ष आहेत, शिवाय जुन्या वस्त्यांमधील रस्त्यांच्या कडेलाही ते अजून उभे आहेत. या सर्व झाडांचे परागीभवन फार बारीक कीटक करतात आणि प्रत्येक जातीच्या झाडासाठी बहुधा स्वतंत्र जातीचा कीटक असतो. त्या कीटकाच्या प्रौढ मादीचे आयुष्य एक-दोन दिवसांचेच असल्यामुळे परिसरात वर्षभर कोणते ना कोणते झाड तिला उपलब्ध असावे लागते, अन्यथा कीटकांची साखळीच तुटेल. याचा परिणाम असा, की एकाच जातीची सगळी झाडे एकाच महिन्यात फळत नाहीत. एक वड डिसेंबरात लगडतो, तर दुसरा मार्चमध्ये, आणि फळे खाणाऱ्या पक्ष्यांना बाकी काही नसतानाही कोठेतरी खाद्य सापडत राहते. फळांनी भरलेल्या वडाखाली तासभर उभे राहिले, तर तांबट, कोकिळ, बुलबुल, साळुंकी, आपला राज्यपक्षी हरियल आणि राखी धनेश हे सारे एकाच ठिकाणी दिसू शकतात.

धनेशाबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण इतका मोठा आणि विलक्षण पक्षी गजबजलेल्या शहरात राहतो यावर अनेकांचा विश्वास बसत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाशी धनेशाची मादी जुन्या झाडाच्या ढोलीत शिरते आणि विष्ठा व माती यांच्या लिंपणाने ढोलीचे तोंड आतून बंद करत आणते. शेवटी फक्त एक अरुंद फट उरते. त्या फटीतून नर तिला फळे आणि कीटक भरवतो. आत असताना मादी उडण्याची पिसे झडू देते व तिला नवी पिसे येतात. म्हणजे त्या आठवड्यांत तिचे आणि पिलांचे जगणे सर्वस्वी बाहेरच्या नरावर अवलंबून असते, आणि नराचे यश जवळपास फळणाऱ्या वड-उंबरांवर. रस्ता रुंद करताना एक जुने झाड जाते तेव्हा त्याच्या बदल्यात दहा रोपे लावल्याचे सांगितले जाते, परंतु धनेशाला लागणारी ढोली रोपात नसते, ती तयार व्हायला अनेक दशके जावी लागतात. तांबटाची गरज आणखी वेगळी आहे. तो मऊ पडलेल्या किंवा वाळलेल्या फांदीत स्वतःच्या चोचीने घर कोरतो, म्हणून बागेतली प्रत्येक वाळकी फांदी छाटून टाकण्याची आपली हौस त्याच्या मुळावर येते. ज्या फांदीखालून माणसांची ये-जा नाही, ती तशीच राहू देण्यात काहीच बिघडत नाही. उन्हाळ्याच्या दुपारी सतत ऐकू येणारा त्याचा ‘टुक टुक’ आवाज मिनिटाला शंभराहून अधिक वेळा निघतो, आणि तो काढताना त्याची चोच मिटलेली व गळ्याची पिशवी फुगलेली असते. साध्या दुर्बिणीतूनही ही हालचाल स्पष्ट दिसते.

दुर्बीण घ्यायची असेल तर ८×४२ या मापाची पुरेशी आहे. पहिला आकडा प्रतिमा किती पट जवळ दिसेल ते सांगतो आणि दुसरा समोरच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतो. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची रुंदी मिळते, येथे ती सव्वापाच मिलिमीटर आहे, आणि पहाटेच्या अंधुक उजेडात विस्फारलेल्या बुबुळाला जवळजवळ तेवढीच रुंदी लागते. दुर्बीण जितकी शक्तिमान तितकी चांगली ही समजूत खरी नाही, कारण प्रतिमेबरोबर हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो.

पहाटेचा आग्रह केवळ शिस्तीसाठी नाही. सूर्योदयाच्या आधी कीटक फारसे हलत नाहीत आणि उजेडही अपुरा असतो, त्यामुळे पक्ष्याला खाद्य शोधण्यापेक्षा गाऊन हद्द राखणे अधिक फायद्याचे ठरते. त्या वेळी वारा मंद असतो व शहराचा गोंगाटही कमी असतो, म्हणून आवाज दूरवर जातो. वाहनांचा गोंगाट मुख्यतः खालच्या पट्टीतला असतो. नेदरलँड्समधील लायडन शहरात वल्गुली या लहानशा पक्ष्याच्या जवळच्या नातलगावर झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले, की गोंगाटाच्या भागातील नर आपल्या गाण्यातले सर्वांत खालचे सूर शांत भागातील नरांपेक्षा वर ठेवतात. पुण्यात हे तपासण्यासारखे आहे. दयाळ, बुलबुल आणि शिंपी हे तिन्ही पक्षी वर्दळीच्या चौकातही गातात आणि वेताळ टेकडीवरही गातात. मोबाइलवर दोन्ही ठिकाणचे आवाज ध्वनिमुद्रित करून त्यांचे आलेख शेजारी शेजारी ठेवणे आज कोणत्याही महाविद्यालयीन विद्यार्थ्याला जमण्याजोगे काम आहे.

नदीकडे वळताना एक जुना संदर्भ सांगणे आवश्यक आहे. विल्यम हेन्री साईक्स हे लष्करी अधिकारी १८२४ पासून मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकीय पाहणी करत होते आणि १८३२ मध्ये त्यांनी दख्खनमध्ये पाहिलेल्या पक्ष्यांची सूची लंडनच्या प्राणिशास्त्रीय संस्थेमार्फत प्रसिद्ध केली. मुळा-मुठेच्या काठी दगडावर मान आखडून बसलेली, उडताच एकाएकी पांढरीशुभ्र दिसणारी ढोकरी आज प्रत्येकाच्या परिचयाची आहे. तिचे शास्त्रीय वर्णन व नामकरण प्रथम याच सूचीच्या निमित्ताने झाले. आपल्या टेकड्यांवर टोळीने फिरणारा मोठा करडा सातभाई आणि पूर्वेच्या माळावरचा, आता साईक्स यांच्याच नावाने ओळखला जाणारा चंडोल यांचेही तसेच. जगातील पक्षीशास्त्राच्या दप्तरात पुण्याच्या परिसराला जी जागा आहे, तिची सुरुवात अशा अगदी साध्या, रोजच्या पक्ष्यांपासून झाली.

त्या नदीची आजची अवस्था सर्वांना ठाऊक आहे. तरीही सोलापूर रस्त्यावरील कवडीपाटला, जुन्या बंधाऱ्यापाशी, हिवाळ्यात पक्ष्यांची गर्दी होते. लडाख-तिबेटच्या उंच पठारांवर वीण करून आलेले चक्रवाक, उत्तरेकडून येणारे थापट्या आणि तुतारी, बारमाही राहणारी हळदी-कुंकू बदके, शेकाटे, पाणकावळे आणि धोबी येथे एकत्र दिसतात. ही गर्दी पाहून पाणी इतके वाईट नसावे असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो, पण तो टाळावा. सांडपाण्यातील सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि बहुतेक मासे तग धरू शकत नाहीत. त्याच गाळात काही कीटकांच्या अळ्या आणि बारीक कृमी मात्र अफाट वाढतात, आणि लांब पायांचा शेकाट्या किंवा शेपूट हलवत फिरणारा धोबी त्यांच्यावरच जगतो. म्हणून कवडीला गेल्यावर एकूण संख्येपेक्षा कोण किती आहे ते पाहावे. पाण्यावर एका जागी फडफडत राहून सूर मारणारा, मासे खाणारा कवड्या धीवर किती दिसतो आणि शेकाटे किती दिसतात, हे प्रमाण नदीबद्दल पुष्कळ काही सांगून जाते. पाषाण तलावावर जलपर्णी वाढते तेव्हाही असाच प्रकार होतो. जांभळी पाणकोंबडी आणि कमळपक्षी यांची सोय होते, परंतु उघडे पाणी लागणारी बदके निघून जातात.

पावसाळ्याच्या उंबरठ्यावर पाहण्याची दिशा बदलावी. मे महिन्याच्या अखेरीस पावशाचा ‘पेरते व्हा, पेरते व्हा’ असा स्वर रात्रीही ऐकू येऊ लागतो आणि जूनमध्ये पावसाच्या वाऱ्यांबरोबर आफ्रिकेतून चातक येतो. पावशा आणि चातक हे दोघेही स्वतःचे घरटे बांधत नाहीत, तर सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतात. सातभाईंची अंडी निळी असतात आणि या पाहुण्यांचीही निळीच असतात, त्यामुळे यजमानाला फरक ओळखणे कठीण जाते. पाऊस आला की अळ्या-किडे मुबलक होतात, सातभाईंची वीण जोरात सुरू होते आणि म्हणूनच पावशाच्या ओरडण्याला व चातकाच्या आगमनाला हाच मुहूर्त मिळतो. त्यांना पाऊस आधी कळतो, या समजुतीपेक्षा ही साखळी मला कितीतरी अधिक आश्चर्यकारक वाटते. याच सुमारास नवरंग सह्याद्रीच्या जंगलांकडे वीण करण्यासाठी येतो. तो रात्री प्रवास करतो, आणि थकलेला किंवा काचेवर आदळलेला नवरंग कधी कधी इमारतीच्या आवारात सापडतो. अशा वेळी त्याला हवा खेळेल अशा खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावे, चोचीत पाणी ओतू नये आणि वनविभागाला किंवा जाणत्या प्राणिमित्रांना कळवावे. सिंहगडाच्या उतारांवर पावसाळ्यात काळ्या-तांबूस रंगाचा, डोक्यावर तुरा असलेला युवराज गाताना दिसतो. पायथ्याच्या ओढ्याकाठी सावलीत स्वर्गीय नर्तक आणि निळ्या रंगाचे माशीमार भेटतात. ओलाव्याची पश्चिम सृष्टी येथून सुरू होते. ताम्हिणीकडे गेले, तर शीळ घालणारा कस्तुर आणि मलबारी धनेश हे घाटाचे खास पक्षीही गाठता येतात.

आता पूर्वेची बाजू. येथे मला सर्वांत जास्त काळजी वाटते. उघड्या माळाला आपण पडीक जमीन म्हणतो आणि त्यावर झाडे लावली की ती सुधारली असे समजतो. पुण्याच्या टेकड्यांवर गिरिपुष्पाची लागवड याच समजुतीतून झाली. परंतु गवताचा माळ ही एक पूर्ण, प्राचीन आणि स्वतंत्र परिसंस्था आहे. तेथील पक्ष्यांनी झाड नसण्याशी जुळवून घेतले आहे. गाण्यासाठी उंच फांदी नाही, म्हणून डोंबारी चंडोल आकाशात चढतो, पंख मिटून खाली झेपावतो, जमिनीच्या आधी पुन्हा सावरून वर जातो आणि हे सगळे करताना शीळ घालत राहतो. धाविक पळत पळत भक्ष्य टिपतो, पखुर्ड्या मातीच्या रंगात मिसळून बसतात, आणि हिवाळ्यात मध्य आशियाकडून येणारे भोवते हे शिकारी पक्षी नाकतोड्यांसाठी गवतावरून संथ घिरट्या घालतात व रात्री गवतातच जमिनीवर मुक्काम करतात. तेथे दाट झाडे लावली, तर बुलबुल वाढतील आणि हे सारे जातील. बुलबुलाला राहायला अख्खे शहर आहे, त्यांना मात्र दुसरी जागा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालातही गवताळ व उघड्या प्रदेशातील पक्ष्यांची घट विशेष चिंताजनक असल्याचे म्हटले आहे. तो अहवाल सुमारे ३०,००० पक्षीनिरीक्षकांनी ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर केलेल्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे, आणि त्या नोंदी करणारे बहुसंख्य लोक तुमच्या-आमच्यासारखे सुट्टीच्या दिवशी बाहेर पडणारे नागरिकच आहेत. नोंद करताना दुर्मीळ पक्ष्यांइतकेच चिमणी, कावळा, साळुंकी यांनाही मोजावे आणि दिसलेल्या सर्व जातींची पूर्ण यादी द्यावी, कारण काय दिसले नाही हे पूर्ण यादीवरूनच कळते.

सासवड-जेजुरीच्या माळांवर जाण्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला आहे. तेव्हा स्थलांतरित पक्षी आलेले असतात आणि वीण बहुतेकांची संपलेली असते. मार्चपासून पुढे माळटिटवी आणि चंडोल जमिनीवर, उघड्यावर अंडी घालतात, आणि मातीच्या रंगाची ती अंडी पायाखाली येईपर्यंत दिसत नाहीत. त्या महिन्यांत वाहन रस्त्यावरच ठेवावे, मळलेली पायवाट सोडू नये, आणि टिटवी डोक्यावर ओरडत घिरट्या घालू लागली तर घरटे जवळ आहे असे समजून, छायाचित्रासाठी न थांबता, आल्या वाटेने मागे फिरावे.