हार्मोन आणि प्रथिनं: नातं कसं उलगडलं

‘प्रोटीन वाढवा, हार्मोन आपोआप सुधारतील’ असा सल्ला इंदुरात हल्ली जिममध्ये सर्रास मिळतो. तो अर्धाच खरा आहे.

१९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाचे सगळे चेतातंतू तोडले आणि तिथे आम्ल सोडलं. तरी स्वादुपिंडातून रस आलाच. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. तो निरोप्या, म्हणजे हार्मोन, होता सिक्रेटिन: २७ अमिनो आम्लांची (प्रथिनं ज्यांची बनतात त्या घटकांची) साखळी. पण ही रचना कळायला बरीच दशकं जावी लागली.

इन्शुलिनने वाट दाखवली. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटोत मधुमेही रुग्णाला दिलेलं पहिलं इंजेक्शन फसलं: अर्क अशुद्ध होता, टोचल्या जागी गळू झालं. कॉलिपने अल्कोहोल वापरून अर्क शुद्ध केला, तेव्हा कुठे रक्तातली साखर उतरली. पुढे सँगरने १९५५ पर्यंत त्यातल्या ५१ अमिनो आम्लांचा क्रम लावला. इन्शुलिन स्वतःच प्रथिन असल्यामुळे गिळलं तर वरणासारखं पचून जातं, म्हणून ते टोचावं लागतं.

थायरॉइडचं गणित निराळं. केंडॉलने १९१४ मध्ये या ग्रंथीचं हार्मोन, थायरॉक्सिन, वेगळं काढलं, हॅरिंग्टनने १९२६ मध्ये त्याची रचना सांगितली. ही साखळी नाहीच; टायरोसिन या एकाच अमिनो आम्लापासून ते बनतं, सोबत आयोडीनचे चार अणू. आयोडीन नसेल तर कितीही डाळ खा, थायरॉक्सिन होणार नाही. इस्ट्रोजेन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल तर कोलेस्टेरॉलपासून तयार होतात.

मग त्यांना प्रथिनं कशाला लागतात? वाहतुकीला, आणि पेशीत निरोप घेणाऱ्या ग्राहीसाठी. रक्तातलं ९९ टक्क्यांहून जास्त थायरॉक्सिन वाहक प्रथिनांना चिकटलेलं असतं. गरोदरपणात हे वाहक वाढतात, की रिपोर्टमध्ये एकूण टी-४ (म्हणजे थायरॉक्सिन) जास्त दिसतं. किडनीच्या आजारात ते लघवीवाटे जातात, की कमी दिसतं. दोन्ही वेळा थायरॉइड धडधाकट असू शकतं. डॉक्टर फ्री टी-४ (वाहकाला न चिकटलेलं थायरॉक्सिन) आणि टीएसएच (थायरॉइडला हुकूम देणारं पिट्युटरीचं हार्मोन) मागतात ते यासाठी.

प्रथिनांची टंचाई खरोखर नडते ती वाढीच्या वयात. ग्रोथ हार्मोन भरपूर असूनही यकृत आयजीएफ-१ (वाढीचा निरोप पुढे नेणारं हार्मोन) पुरेसं बनवत नाही आणि मूल खुंटतं. उलट गरजेपेक्षा जास्त खाल्लं म्हणून हार्मोन त्याच प्रमाणात वाढत नाहीत. थायरॉक्सिन किती बनवायचं ते मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी ठरवते. उरलेल्या अमिनो आम्लांतला नायट्रोजन युरिया होऊन बाहेर पडतो. पावडरीचे डबे विकणारे हे सांगत नाहीत.

आयसीएमआरचा (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा) रोजच्या प्रथिनांचा २०२० चा आकडा आहे वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज ५० ग्रॅम. ६० ग्रॅम कोरड्या पोह्यांत जेमतेम साडेचार ग्रॅम मिळतात. वर जिरावण मसाला आणि मूठभर शेव टाकून फार फरक पडत नाही, शेवेत बेसनाबरोबर तेलही येतं. त्यापेक्षा उसळ-पोहे बरे. वाटीभर वरणात (३० ग्रॅम तूरडाळ) सुमारे साडेसहा ग्रॅम, पाव लिटर दुधात आठ, आणि ३० ग्रॅम सोयावडीत पंधरा.

सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इंदुरातच आहे, सोयाही इथे मुबलक. मात्र थायरॉइडची गोळी चालू असेल तर सोया तिचं शोषण कमी करतं. गोळी पहाटे उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने. सोया दूध, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या चार तासांनंतर.