ट्रोल संशोधन केंद्र आणि त्याचा बर्फाचा रनवे

ट्रोल हे नॉर्वेचं अंटार्क्टिकावरचं संशोधन केंद्र. क्वीन मॉड लँडमध्ये, समुद्रापासून साधारण 235 किमी आत आणि 1,275 मीटर उंचीवर, म्हणजे आपल्या इंदूरच्या दुपटीहूनही उंच. 1990 मध्ये फक्त उन्हाळ्यापुरतं सुरू झालं, 2005 पासून बाराही महिने चालू असतं. बांधलंय उघड्या खडकावर आणि ते फार शहाणपणाचं केलं, कारण भारताचं पहिलं केंद्र दक्षिण गंगोत्री बर्फावर उभारलं होतं ते काही वर्षांतच बर्फाखाली गाडलं गेलं, मग मैत्री हे दुसरं केंद्र खडकावर बांधावं लागलं.

पण खरी कमाल 7 किमीवरच्या रनवेची आहे. सुमारे 3,000 मीटर लांब, ना डांबर ना सिमेंट, नुसता निळा बर्फ. तिथला वारा वरचा भुसभुशीत बर्फ टिकूच देत नाही, खाली राहतो तो जुना, दाबून दाबून घट्ट झालेला बर्फ, त्यातले हवेचे बुडबुडे जवळपास गेलेले असतात म्हणून तो निळा दिसतो, आणि टणक इतका की चाकांचं मोठं विमान सरळ उतरतं, स्की लावायची गरजच नाही. घसरू नये म्हणून मशीननं तो खरवडून खरखरीत ठेवतात, ताजा बर्फ साचला की लगेच हटवतात. 15 नोव्हेंबर 2023 ला इथं बोइंग 787 ड्रीमलायनर उतरलं, 45 माणसं आणि 12 टन सामान घेऊन, ड्रीमलायनर अंटार्क्टिकावर उतरायची ती पहिलीच वेळ.

केपटाऊनहून विमानानं साधारण सहा तास लागतात, जहाजानं कित्येक दिवस, म्हणून माझ्या मते रनवे नसता तर हे केंद्र असं चाललंच नसतं. या भागात केंद्रं असलेल्या देशांनी मिळून ड्रोमलान नावाची हवाई व्यवस्था केलीय, भारतही त्यात आहे. आपल्याकडे दिवाळीचा फराळ संपत येतो तेव्हा तिकडचा सीझन सुरू होतो आणि इंदूरात रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघायच्या सुमाराला आटोपलेला असतो. पुढं कित्येक महिने नेहमीची विमानं बंद, मधे सूर्यही साधारण दोन महिने उगवत नाही. जेमतेम सहा-सात माणसं मागे राहतात, जनरेटर, स्वयंपाक, औषधपाणी, हवेची मोजमापं सगळं त्यांनीच बघायचं. शिवाय ध्रुवांवरून फिरणाऱ्या सॅटेलाइटांचा डेटा उतरवून घेणारं ट्रोलसॅट स्टेशन इथंच आहे, आणि ते थंडीतही बंद ठेवून चालत नाही.