लॅपटॉपवाल्यांच्या व्हिसाची पार्श्वभूमी

२०२० च्या लॉकडाउनमध्ये हिंजवडीतली पोरं लॅपटॉप घेऊन कराड, वाई, विटा, इस्लामपूरला परतली आणि घराच्या वरच्या खोलीतून कंपनीचं काम करू लागली. कंपनीचं काही अडलं नाही. मग कराडमधून जमतं तर पोर्तुगालच्या लिस्बनमधून का नको, हा प्रश्न आलाच. तिथे आडवा येतो तो व्हिसा, आणि ही अडवणूक जुनी आहे.

खानापूर-आटपाडीकडची गलाईवाली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली. ती जिथे गेली तिथल्याच सराफांचं काम करून तिथेच कमावू लागली. जगातले व्हिसाचे कायदे याच समजुतीवर उभे आहेत: माणूस आला की तो एक तर फिरायला आला, शिकायला आला, नाहीतर इथली नोकरी करायला आला. पगार सातासमुद्रापलीकडून येतो आणि भाजी इथल्या मंडईतून घेतली जाते, अशा माणसासाठी रकानाच नव्हता.

मुळात पासपोर्टची सक्ती ही पहिल्या महायुद्धाची देणगी. १९१४ पूर्वी युरोपात बऱ्याच ठिकाणी त्याशिवाय फिरता येई. युद्धकाळातली ही तात्पुरती व्यवस्था १९२० च्या पॅरिस परिषदेत एकसारख्या नमुन्यात बसवली गेली आणि कायमची झाली. आपल्याकडे तर १९६७ पर्यंत पासपोर्ट देणं न देणं सरकारच्या मर्जीवर होतं. सतवंतसिंग साहनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी जाणं हा व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग ठरवला, तेव्हा कुठे त्याच वर्षी पासपोर्ट कायदा आला. परदेशात नेण्याच्या पैशावरची बंधनं सैलावली ती आणखी उशिरा; त्यासाठीची उदारीकृत योजना रिझर्व्ह बँकेने २००४ मध्ये आणली.

दरम्यान इंटरनेट आलं आणि बाली, थायलंडमधलं च्यांग माई अशा ठिकाणी लोक पर्यटक व्हिसावर लॅपटॉप उघडून बसू लागले. मुदत संपत आली की शेजारच्या देशात जायचं, शिक्का मारून परत यायचं. कायद्याने हे संशयास्पदच होतं, पण पैसे खर्च करणाऱ्या पाहुण्याला कोण हटकणार!

कोरोनात हॉटेलं ओस पडली तेव्हा सरकारांना हा पाहुणा कागदोपत्री हवासा झाला. जुलै २०२० मध्ये बार्बाडोसने तिथे राहून बाहेरच्या कंपनीचं काम करू देणारा १२ महिन्यांचा व्हिसा काढला, नाव 'वेलकम स्टॅम्प'. अट वर्षाला ५० हजार डॉलर उत्पन्नाची. ऑगस्टमध्ये एस्टोनिया आला, २०२१ मध्ये क्रोएशिया, ऑक्टोबर २०२२ मध्ये पोर्तुगाल, २०२३ मध्ये स्पेन. पोर्तुगालमध्ये तिथल्या किमान वेतनाच्या चौपट, स्पेनमध्ये दुप्पट उत्पन्न दाखवावं लागतं. याला जग जवळ आल्याचा पुरावा म्हणणाऱ्यांशी माझं पटत नाही. या व्हिसाला तुमचं कौशल्य नको, तुमचा खर्च हवा. किमान वेतन वाढलं की अटही आपोआप वर सरकते: २०२२ मध्ये पोर्तुगालचा आकडा महिन्याला २,८२० युरो होता, २०२५ मध्ये ३,४८०. रुपयांत ही रक्कम तीन लाखांच्या वर जाते. सांगलीत बसून पुण्याच्या कंपनीचा पगार घेणाऱ्या बहुतेकांचा अर्ज इथेच थांबतो. डॉलरमध्ये बिल लावणारे फ्रीलान्सर तेवढे पुढे सरकतात.

पासपोर्टही आडवा येतो. जपानने २०२४ मध्ये सहा महिन्यांचा असाच व्हिसा आणला, वर्षाला १ कोटी येन उत्पन्नाच्या अटीवर. पात्र देशांच्या यादीत भारत नाही. थायलंडने मात्र त्याच वर्षी जुलैमध्ये पाच वर्षांचा व्हिसा काढला. एका प्रवेशाला १८० दिवस राहता येतं, आणि महिन्याच्या पगाराऐवजी ५ लाख बात (थायलंडचं चलन) शिल्लक दाखवायची. आपल्याकडच्या मुलांना हा हिशेब जास्त झेपणारा आहे.

करांचे कायदे मात्र व्हिसाबरोबर बदलले नाहीत. आपल्या आयकरात एप्रिल ते मार्च या वर्षात १८२ दिवस किंवा अधिक भारतात राहिलेला माणूस निवासी, आणि निवासी म्हटला की जगभरचं उत्पन्न इथे दाखवणं आलं. गणपती उरकून ऑक्टोबरच्या पहिल्या तारखेला निघालेल्याचे भारतातले १८३ दिवस आधीच भरलेले असतात. त्या वर्षापुरता तो लिस्बनमध्ये राहिला तरी करदाता इथलाच.