उन्हाळ्यात टायरची हवा कमी ठेवायची? मुळीच नाही!

"मे महिना आहे, हवा तापून फुगते, चार पॉइंट कमीच ठेवा." समृद्धी महामार्गावर निघालेल्यांना हा सल्ला हमखास मिळतो. सांगणारा काळजीनेच सांगतो, पण सल्ला घातक आहे.

तापल्यावर दाब वाढतो हे खरं. साधारण साडेपाच अंश सेल्सिअसला एक पीएसआय, म्हणजे हवेच्या दाबाचा एक पॉइंट. सकाळी ३३ असलेलं चाक दुपारी ३८ दाखवेल. ही वाढ धरूनच कंपनीने आकडा ठरवलेला असतो. खरा धोका कमी हवेचा. टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, पुन्हा सरळ होते. तार सारखी वाकवली की बोटांना चटका बसतो ना, तसंच. ताशी १२० किलोमीटर वेगाला हे सेकंदाला सोळा-सतरा वेळा घडतं. आत उष्णता साचते, थर सुटतात आणि टायर फाटतो.

म्हणून हवा सकाळी, टायर थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. भरलेल्या गाडीसाठी वेगळा. टायरवर कोरलेला आकडा कमाल मर्यादेचा, तो भरायचा नाही. वाटेत ढाब्यावर थांबून गरम टायरची हवा तर अजिबात सोडू नका.

आणि खाली वाकलाच आहात तर टायरच्या बाजूवर कोरलेल्या डीओटी (DOT) या अक्षरांपुढच्या लांब कोडचे शेवटचे चार अंक वाचा. २३१८ म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शाबूत दिसली तरी एवढ्या जुन्या रबराला बारीक भेगा पडलेल्या असू शकतात, स्टेपनीलासुद्धा.